नाव घ्यायला लागतो तेवढा वेळ

आईच्या पडद्यावरचा फोटो बदलत नव्हता.

रविवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, कप विसळले, दुधावरची साय बाजूला काढली, चहा गाळला आणि दोन्ही हातांत कप घेऊन परत आले, तरी तोच फोटो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका, उंच बोर्डांसमोर एका ओळीत बसलेल्या, कानांवर हेडफोन, माना वळवून कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या.

"अडकलाय का गं?" मी विचारलं.

"अडकायला काय झालंय? चाललाय."

"मघापासून तिथेच आहे."

"असू दे की. तुझ्या पोटात का दुखतंय?"

आईने सगळं तरुणपण त्या बोर्डावर काढलं. एका भोकात दोरी खोचायची, दुसऱ्या भोकात दुसरी, आणि दोन अनोळखी माणसांना एकमेकांचा आवाज ऐकवून आपण बाजूला व्हायचं. पुढे यंत्रं आली, एक्स्चेंज बंद झालं, बायका वेगवेगळ्या कचेऱ्यांत पांगल्या. निवृत्तीनंतर आईने संगणक घेतला आणि कोणाच्या बापाला न विचारता फोटोंचे व्हिडिओ करायला शिकली. जुने फोटो मोबाइलवर टिपायचे, ओळीने लावायचे, भोवती गुलाबांची चौकट टाकायची, एकातून दुसरा उमलेल असं करायचं आणि आपल्या चॅनेलवर चढवायचं. प्रेक्षक म्हणजे तिच्या जुन्या मैत्रिणी, आणि लिंक आली म्हणून मी.

सुरुवातीला ती मागे गाणी लावायची. एकदा एका व्हिडिओचा आवाज साइटने बंद केला, गाण्यावर कोणाचा तरी हक्क आहे म्हणून. आई संतापली. म्हणाली, गाणारा मेला, लिहिणारा मेला, पेटीवाला मेला, मग तक्रार कोण करतंय? त्या दिवसापासून तिने गाणीच सोडली. तिचे व्हिडिओ मुके झाले, आणि मुका फोटो आहे त्याच्या दुप्पट लांब वाटतो.

मी एका प्रकाशन संस्थेत संपादक आहे. दुसऱ्यांची वाक्यं कापणं हा माझा धंदा. तिसऱ्या ओळीत संपायला हवं होतं ते सातव्या ओळीपर्यंत गेलेलं दिसलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. आईच्या व्हिडिओत तर काही ताळमेळच नव्हता. एक फोटो डोळ्यांचं पातं लवायच्या आत जायचा, दुसरा मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा हलायचा नाही. मी तिला परोपरीने सांगून पाहिलं होतं. माणसाची नजर तीन-चार सेकंदांत फोटो वाचते, त्यापुढे तिला कंटाळा येतो.

त्या दिवशीही सांगितलं. आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या पुस्तकात पान उलटणं वाचणाऱ्याच्या हातात असतं," ती म्हणाली. "इथे ते माझ्या हातात आहे."

"म्हणूनच म्हणते, उलट लवकर."

"तू कधी बोर्डावर बसली नाहीस. तुला नाही कळायचं."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. त्यापुढे वाद जात नसे. तिने चहा घेतला, पुन्हा पडद्याकडे वळली, आणि तिचे ओठ पुटपुटल्यासारखे हलू लागले. हल्ली काम करताना ते तसे हलत. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी मी तिला फोटो टिपायला मदत केली. मी दिवा धरायचा, तिने मोबाइल. माझी सावली फोटोवर पडली की ती ओरडायची, आणि मोबाइल हलला की दिवा कोणी हलवला असं मलाच विचारायची. निघताना म्हणाली, पोहोचलीस की कळव. मी कळवलं. तिने अंगठा पाठवला.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. आईने दार उघडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. आई असती तर म्हणाली असती, ह्यांना काय माहीत.

दादा आला. तो माझ्याहून मोठा, दूर राहतो, आणि दु:ख झालं की कामं उरकतो. चार दिवसांत त्याने कपाटं रिकामी केली, बँकेत जाऊन आला, भांडी वाटली. आलेल्यांशी तोच बोलला. मी पाणी देत राहिले. मग तो आईच्या संगणकाकडे वळला आणि म्हणाला, हा मोडीत काढू. मी म्हटलं, राहू दे. त्याने कारण विचारलं नाही आणि मलाही ते ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावर एका दुपारी आईचा मोबाइल वाजला.

"झटपटची मुलगी ना तू?" पलीकडून एका बाईचा, कापडावरून इस्त्री फिरावी तसा सपाट आणि गरम आवाज आला.

मला वाटलं घरपोच सामान देणारी कोणती कंपनी असावी. मी म्हटलं, आम्ही काही मागवलेलं नाही.

मग त्या बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज थोडा फाटला. त्या आईच्या सुपरवायझर होत्या, आई गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. एक्स्चेंजमध्ये कोणी कोणाला खऱ्या नावाने हाक मारत नसे. त्या स्वतः 'कडक इस्त्री'. हे नाव त्यांच्या पाठीमागे पडलं आणि त्यांनी ते पुढून स्वीकारलं. अंगाने बारीक ती 'सुतळी', मोठ्याने बोलणारी ती 'भोंगा', रात्रपाळीत पेंगणारी 'जांभई', गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या तरी गोड बोलणारी 'साखर'. आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन जोडून मोकळी होणारी माझी आई ती 'झटपट'.

माझी आई, जिचा एक फोटो संपायच्या आत चहा होतो.

इस्त्रीमावशींना विचारायचं होतं ते एवढंच, की व्हिडिओ कुठवर आला. एक्स्चेंजचा शेवटचा बोर्ड ज्या दिवशी बंद झाला त्या तारखेला दर वर्षी सगळ्या जणी आपापल्या घरून, आपापल्या देशातून आईचा नवा व्हिडिओ एकाच वेळी पाहत. यंदा आईने सगळ्यात मोठा कबूल केला होता, पहिल्या बोर्डापासून शेवटच्या बोर्डापर्यंत. तारीख जवळ आली होती. जांभई वृद्धाश्रमात होती आणि रोज विचारत होती.

"तुला जमत नसेल तर सांग," त्या म्हणाल्या. "आम्ही गेल्या वर्षीचा पाहू. पण यंदा सगळ्या आहेत तेवढ्या पुढच्या वर्षी असतील असं आमच्या वयात कोणी लिहून देत नाही."

मी दादाला कळवलं. तो म्हणाला, अशी कामं करून देणारे आहेत, फोटो पाठव, दोन दिवसांत चकाचक करून देतील. तो चुकीचं सांगत नव्हता. पण आईच्या बायकांचे फोटो तिऱ्हाइताच्या हातात द्यायचे, हे मनाला पटेना. मी त्याला म्हटलं, मी करते. तो म्हणाला, तुला येतं? मी म्हटलं, कापायला तर येतं.

आणि मी कापलं.

संगणकात तिचं काम जसंच्या तसं होतं. अर्ध्याहून जास्त फोटो लागलेले, उरलेले एका फोल्डरमध्ये वाट पाहत होते. मी गुलाबांच्या चौकटी काढल्या. उमलणं, पान उलटणं, बर्फ पडणं, सगळं काढलं. प्रत्येक फोटोला सारखा वेळ दिला, चार सेकंद. कुठे क्रम बदलला, कुठे उजेड वाढवला. आठवडाभर ऑफिसातून आल्यावर तेच करत होते. शेवटी आईच्या व्हिडिओच्या पावपट लांबीचा, स्वच्छ, देखणा व्हिडिओ तयार झाला. असं हस्तलिखित कोणी माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी एका बैठकीत छापायला पाठवलं असतं. मी तो आईच्या चॅनेलवर चढवला, कोणाला दिसणार नाही असा ठेवला आणि लिंक फक्त इस्त्रीमावशींना पाठवली.

त्यांचा फोन आला तेव्हा मी कौतुक ऐकायच्या तयारीत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "सुतळीला तू मारून टाकलंस."

"म्हणजे?"

"ती अजून ठणठणीत आहे आणि तिचं नाव घ्यायच्या आत फोटो गेला. साखरेला तर श्वासही दिला नाहीस. चार सेकंदांत आमची अख्खी शिफ्ट गिळलीस."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, नव्या मुलीला बोर्ड समजावून सांगावा तसं.

एक्स्चेंजमध्ये शिफ्ट बदलताना बोर्ड एक क्षणही रिकामा राहू द्यायचा नाही, असा नियम होता. आधीची ऑपरेटर स्टुलावर, नवी तिच्या मागे उभी. सुपरवायझर डावीकडून एकेक नाव घेई. जिचं नाव येई ती 'आहे' म्हणे, हेडफोन घाली, आणि मगच आधीची उठे. कोणी रजेवर असली तरी तिचं नाव गाळत नसत. नाव घ्यायचं, एक श्वास थांबायचं, पुढे जायचं. तेवढ्या श्वासात शेजारणीने तिच्या बोर्डाकडे हात पुढे करायचा.

व्हिडिओ पाहताना त्या तेच करत. एका पडद्यावर आईचा व्हिडिओ, दुसरीकडे सगळ्या जणी फोनवर एकत्र. फोटो आला की आई डावीकडून नावं घेई. जी हयात ती 'आहे' म्हणे. जी गेली तिच्या नावानंतर सगळ्या जणी एक श्वास गप्प बसत. नावं संपायची आणि फोटो बदलायचा, त्याच क्षणी. कधी आधी नाही, कधी नंतर नाही.

"फोटो किती वेळ ठेवायचा हे ती घड्याळावर ठरवत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "नावं घेऊन ठरवायची. एकटी बसून, मोठ्याने."

मोठ्याने नाही. मी घरात असले की नुसत्या ओठांनी. मी हे त्यांना सांगितलं नाही. फोन ठेवला आणि आईचे जुने व्हिडिओ एकापाठोपाठ एक लावले. एक फोटो तिने तीन वेगवेगळ्या वर्षी वापरला होता, आणि दर वेळी तो आधीपेक्षा जास्त वेळ थांबत होता. ओळीतल्या बायका एकेक करून जात होत्या तसा फोटो लांबत चालला होता. वर्षानुवर्षं मी ज्याला ढिसाळपणा समजत होते, त्याच्याइतकं काटेकोर संपादन मी आजवर कोणाकडून करून घेतलेलं नाही.

मी माझा व्हिडिओ बाजूला ठेवला आणि आईच्या कामावर परत आले. गुलाबांच्या चौकटी परत लावल्या. बर्फ मात्र नाही. बर्फाच्या बाबतीत मी ठाम होते, आणि इस्त्रीमावशी म्हणाल्या, तो आम्हालाही आवडत नव्हता, तुझ्या आईला सांगायची कोणाची हिंमत नव्हती एवढंच.

अडचण अशी, की उरलेल्या फोटोंतल्या बायका मला ठाऊक नव्हत्या. मग रोज संध्याकाळी इस्त्रीमावशींचा फोन यायचा. मी फोटो पाठवायची, त्या डावीकडून सांगायच्या.

"सुतळी. आहे. तिच्या शेजारी भोंगा, आहे, सगळ्या जगाला माहीत आहे. मग साखर, गेली, श्वास ठेव. मग ही कोण? चष्मा काढून पाहते. हां, ही 'उद्या ये'. सुट्टी मागायला आली की मी 'उद्या ये' म्हणायची, आणि ही पहिल्यांदा हसायची आणि मग रडायची. आहे, मुलाकडे असते. मग लाइनमन काका. ते आमच्यातले नव्हते, पण बोर्ड बिघडला की तेच धावून यायचे, आणि फोटो म्हटलं की बोर्ड न बिघडताही यायचे."

मी नावं घेऊन वेळ मोजायची आणि त्या ऐकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, तुझा श्वास उंदराचा आहे. आठ तास बोलून झाल्यावर बाई घेते तसा घे. मी तो शिकले. खुर्चीला टेकायचं, खांदे सोडायचे, पोटापर्यंत हवा जाऊ द्यायची, आणि ती आपण बाहेर ढकलायची नाही, ती आपली आपण निघू द्यायची. आई गेल्यापासून मी असा श्वास घेतला नव्हता.

एक मात्र मला जमत नव्हतं. ओळीत आई आली की मी तिचं नाव मनात घ्यायची. तोंडातून निघत नसे. घरात ती आई होती. 'झटपट' ही कोणी दुसरीच, माझ्या ओळखीची नसलेली बाई होती, आणि तिच्या नावापुढे मला श्वास ठेवावा लागणार होता.

"मध्ये एक जण गाळलीस," इस्त्रीमावशी पहिल्यांदा म्हणाल्या.

मी पुढचा फोटो उघडला.

"बरं," त्या म्हणाल्या. "जागा बरोबर सोडली आहेस ना? मग त्या दिवशी घे. पण त्या दिवशी घ्यावंच लागेल. व्हिडिओ करते तीच नावं घेते, आमचा नियम आहे. आणि एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. एक चुकलं की पुढची सगळी नावं भलत्याच तोंडांवर पडतील."

हीच भीती होती. चॅनेलवर वेळ लावून ठेवायची, ठरल्या मिनिटाला तो सगळीकडे आपोआप सुरू होणार, आणि मी एका जागी अडखळले तर मागून येणाऱ्या फोटोंतल्या सगळ्या बायका एकीचं नाव दुसरीला लावून घेणार. साखरेच्या श्वासात भोंगा 'आहे' म्हणून ओरडणार. आईने एकदाही असं होऊ दिलं नव्हतं.

शेवटचा फोटो आईनेच लावून ठेवला होता. एक्स्चेंज बंद झालं त्या दिवसाचा, सगळ्या जणी बोर्डांसमोर उभ्या, दिवे विझलेले, आणि शेवटी लाइनमन काका. मी त्यातली नावं घेतली, गेलेल्यांचे श्वास ठेवले, आता आईचाही एक वाढवला. तरी आईने दिलेला वेळ संपेना. थोडीशी जागा उरत होती. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढीच उरली. माझ्यातली संपादक पेन्सिल घेऊन उभी राहिली. मी तिला बसवलं आणि इस्त्रीमावशींना विचारलं.

"फोटो काढणाऱ्याचं नाव शेवटी असतं," त्या म्हणाल्या. "तोही त्या खोलीत असतोच की. दिसत नाही म्हणून गाळायचा?"

"मग हा कोणी काढला होता?"

"तू," त्या म्हणाल्या. "तुला शाळेला सुट्टी होती. दिवसभर आईच्या स्टुलाला टेकून उभी होतीस. आम्ही तुला 'टेकू' म्हणायचो. नाव नसलेलं माणूस आमच्याकडे नव्हतंच."

मला तो दिवस आठवला. विझलेले दिवे आठवले, गळ्यात अडकवलेल्या कॅमेऱ्याचं वजन आठवलं. माझं तिथे नाव होतं हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही. ती फक्त त्याच्यापुरता वेळ ठेवत आली होती.

ठरल्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. दादाला लिंक पाठवली होती. तो पाहीन म्हणाला होता, आणि मला वाटलं तो म्हणण्यापुरतं म्हणतोय. मी आईच्या खोलीत, आईच्या खुर्चीवर बसले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, कोणाकडे त्या वेळी पहाट होती, कोणाकडे जेवणाची वेळ. पडद्यावर एकेक चौकट उघडू लागली. सुतळी आता सुतळी राहिली नव्हती, दोरखंड झाली होती, आणि आल्या आल्या तिने ते स्वतःच सांगून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला संधी मिळू नये. भोंग्याने आवाज येतोय का असं विचारलं आणि सगळ्यांनी एकदमच कानांवर हात ठेवले. जांभईला एका नर्सने उशा लावून बसवलं होतं. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं, आणि तिने लगेच विचारलं, झटपटची पोर आली का. 'उद्या ये'च्या शेजारी तिची नात बसली होती. लाइनमन काका टाय बांधून आले होते. कोपऱ्यातल्या एका चौकटीत मला दादा दिसला, ऑफिसच्या गाडीत, मांडीवर मोबाइल धरून बसलेला.

इस्त्रीमावशी म्हणाल्या, "टेकू, बोर्ड तुझा."

व्हिडिओ सुरू झाला. मी पहिल्या फोटोतलं पहिलं नाव घेतलं. माझा आवाज बारीक आला, आणि तरी पलीकडून कोणीतरी म्हणालं, "आहे." दुसरं नाव, "आहे." तिसरं, श्वास. फोटो बदलला, अगदी शेवटच्या 'आहे'वर, आणि कोणीतरी समाधानाने जीभ टाळूला लावून आवाज काढला. मग माझा आवाज आपोआप मोठा झाला. फोटोमागून फोटो आले. पहिला बोर्ड, नवीन इमारत, सहलीचा दिवस, पुरात कमरेएवढ्या पाण्यात स्टुलांवर बसून चालवलेली रात्र. नावं आणि 'आहे', नावं आणि श्वास. जांभई प्रत्येक 'आहे' ऐकून मान डोलवत होती. मला मोजावं लागत नव्हतं. ताल आईने घालून दिला होता, मी फक्त त्यात पाय टाकत होते. एका फोटोत लाइनमन काकांचं नाव आलं तेव्हा त्यांनी 'आहे'ऐवजी 'हजर' म्हटलं, भोंगा खुदकन हसली, आणि तरीही पुढचं नाव वेळेवर पडलं. एकदाही कोणाचं नाव दुसरीच्या तोंडावर गेलं नाही.

हा व्हिडिओ आता चॅनेलवर आहे. आमचा आवाज त्यात नाही, पण मी खाली एका ओळीत पद्धत लिहून ठेवली: डावीकडून नावं घ्या, जे गेले त्यांच्यासाठी एक श्वास थांबा. त्याखाली लोक लिहीत राहतात. कुठल्या तरी दुसऱ्या एक्स्चेंजच्या बायकांनी आपला व्हिडिओ तसा केला. एका छापखान्याने केला. एका शाळेच्या निवृत्त शिक्षकांनी केला आणि कळवलं, की त्यांचा एक फोटो फार लांब झाला आहे, काय करावं? मी उत्तर दिलं, काही करू नका. माझ्या ऑफिसात हे कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. शेवटचा फोटो आला होता. विझलेल्या बोर्डांसमोर सगळ्या जणी. मी डावीकडून निघाले. इस्त्री, "आहे." सुतळी, "आहे." साखर. श्वास. भोंगा हळू म्हणाली, "आहे," आणि मी तिचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. पुढचा चेहरा आईचा होता. आतापर्यंतच्या फोटोंत तिच्या जागी माझे नुसते ओठ हलले होते. तरुण, केस विस्कटलेले, तोंड अर्धवट उघडं. कॅमेरा नीट धर असं मला सांगत असताना फोटो निघाला होता.

"झटपट," मी म्हणाले. मोठ्याने.

सगळ्या चौकटींत सगळे खांदे एकदम खाली आले. मी तो श्वास घेतला, शिकवला तसा, पोटापर्यंत. दादाने गाडीच्या काचेकडे तोंड वळवलं होतं, पण तोही थांबला होता. श्वास संपला, आणि फोटो हलला नाही. आईच्या जागी मी नियमापेक्षा एका वाक्याची जागा जास्त सोडली होती. ती कशाला, असं इस्त्रीमावशींनी विचारलं होतं, आणि मी असू दे म्हटलं होतं. आमच्या घरात एक वाक्य कोणी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. वाद त्या टोकाला पोहोचला की दोघींपैकी एक जण उठून चहा टाकायची.

या वेळी मी खुर्चीतून उठले नाही.

"आई," मी म्हणाले, "तुझंच बरोबर होतं."